सखाराम हवालदार आणि सार्जंट बॉईल

पश्चिम आयर्लंडमधला एकाकी रस्ता. दारूच्या आणि नशेच्या तारेत पोरं गाडी उडवत निघाली आहेत. रस्त्याच्या कडेला पोलिसाची गाडी उभी आहे, आत सार्जंट जेरी बॉईल बसला आहे. पोरांची गाडी त्याच्या नाकासमोरून सुसाट जाते. तो हलत नाही. थोड्या वेळाने गाडी आदळल्याचा आवाज येतो. मग सार्जंट सावकाश तिथे पोचतो. मेलेल्या पोरांचे खिसे चाचपतो, नशेचा माल सापडतो तो भिरकावून देतो आणि त्यातलीच एक टिकली स्वतःच्या जिभेवर ठेवतो. समोर समुद्राकडे पाहत, दिवस काय सुंदर आहे, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो.

‘द गार्ड’ हा चित्रपट असा सुरू होतो. जॉन मायकेल मॅकडोना या लेखक-दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा चित्रपट. २०११ च्या जानेवारीत तो सनडान्स महोत्सवात दाखवला गेला, बर्लिनमध्ये पदार्पणाच्या चित्रपटांत त्याची खास नोंद झाली आणि आयर्लंडच्या चित्रपटगृहांत स्वतंत्र आयरिश चित्रपटांचे आधीचे विक्रम त्याने मागे टाकले. दिग्दर्शकाचा भाऊ मार्टिन मॅकडोना आपल्याकडे जास्त माहीत आहे, ‘इन ब्रूज’ आणि ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ या चित्रपटांमुळे. दोन्ही भावांचा हुकमी नट एकच, ब्रेंडन ग्लीसन. सार्जंट बॉईल झालाय तो ग्लीसनच. अवाढव्य अंगाचा, तांबूस चेहऱ्याचा, डोळ्यांत एकाच वेळी पोराचा खट्याळपणा आणि म्हाताऱ्याचा थकवा असलेला माणूस.

मी हा चित्रपट पुण्याच्या खराडीत राहून पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी मनात एकच हवालदार उभा राहिला, तो म्हणजे दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मधला अशोक सराफ यांचा सखाराम. पांडू नव्हे, सखाराम. तो का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी आयर्लंडची गोष्ट पुरी करू. समुद्रमार्गे कोट्यवधी डॉलरांचं कोकेन या किनाऱ्यावर उतरणार अशी खबर लागते आणि अमेरिकेच्या एफबीआयचा अधिकारी वेंडेल एव्हरेट तिथे येऊन थडकतो. डॉन चीडल या नटाने तो केला आहे. एव्हरेट कृष्णवर्णीय, नीटनेटका, उच्चशिक्षित, शिस्तीचा. पहिल्याच बैठकीत तो तस्करांची छायाचित्रं दाखवायला लागतो आणि मागच्या रांगेतून बॉईल हात वर करून विचारतो की, नशेचा धंदा करणारे सगळे काळेच असतात ना? खोलीत शांतता पसरते. एव्हरेट त्याच्याकडे असा पाहतो की, हा माणूस मूर्ख आहे की महाबिलंदर हेच त्याला कळत नाही. पुढचा सगळा चित्रपट त्याला हे कोडं सुटत नाही आणि आपल्यालाही.

दुसऱ्या दिवशी एव्हरेटला तपासाला निघायचंय. बॉईल सांगतो, आज माझी सुट्टी. इतका मोठा माल किनाऱ्याला लागणार, माणसं मेली आहेत, पण सुट्टी म्हणजे सुट्टी. मग एव्हरेट एकटाच गावोगाव दारं ठोठावत फिरतो. कॉनेमारा हा गेल्टाख्त पट्टा, म्हणजे जिथे आजही आयरिश भाषा घरात बोलली जाते तो भाग. हा छायाचित्र पुढे करतो, इंग्रजीत विचारतो, आणि लोक त्याला आयरिशमध्ये उत्तरं देतात. इंग्रजी त्यांना येत नाही असं नाही. त्यांना ती या क्षणी बोलायची नाही. एक दार, दुसरं दार, तिसरं दार. जगातल्या सर्वांत बलाढ्य तपास यंत्रणेचा माणूस एका शेताच्या बांधावर मुकाट उभा राहतो.

हा प्रसंग खराडीत पाहताना हसू येतं आणि मग काहीतरी टोचतं. कारण इथे तोच प्रसंग रोज उलटा घडतो.

खराडी म्हणजे नगर रस्त्यावरचं, मुळा-मुठेच्या काठचं गाव. १९९७ साली महापालिकेत आलं. ज्वारी-बाजरीची, उसाची शेतं होती तिथे ईऑन, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि झेन्सारसारख्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. संध्याकाळी ईऑनच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीपाशी उभं राहिलं की तेलुगू, बंगाली, हिंदी, मल्याळम, ओडिया अशी सगळी भाषांची वर्दळ कानावर येते. मराठी असते ती टपरीवाल्याची, रिक्षावाल्याची, रखवालदाराची आणि पोलिसाची. या रस्त्यावर दारात उभा राहून विचारपूस करणारा हवालदारच मराठी बोलतो आणि दार उघडणाऱ्याला ती येत नाही. सोसायटीच्या अॅपवर नोंद झाल्याशिवाय त्याला लिफ्टपर्यंत जाता येत नाही. एव्हरेटच्या जागी आपला हवालदार आहे, फक्त त्याच्यामागे एफबीआयचं वजन नाही.

खराडीला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं ते २०२४ साली. त्याआधी हा सगळा भाग चंदननगर ठाण्याच्या हद्दीत होता. पुण्यासाठी एकदम सात नवी ठाणी मंजूर झाली, त्यात आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ यांच्यासोबत खराडी होतं. नवीन ठाणं म्हणजे पाटी, स्टेशन डायरी, मुद्देमालाची खोली आणि हद्दीचा नकाशा एवढंच नसतं. इतर ठाण्यांतून उचलून आणलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं एका हजेरीत उभी राहतात. त्यांच्या जोड्या लागतात. बीट मार्शलची मोटारसायकल म्हणजे अशीच एक जोडी असते. गेल्या पावसाळ्यात मुंढव्याकडे जाणाऱ्या बायपासला अशी एक जोडी उड्डाणपुलाखाली पाऊस थांबायची वाट पाहत उभी होती. पुढे बसणारा पोरगेला, रुंद खांद्यांचा, मनगटावर स्मार्ट घड्याळ. मागचा निवृत्तीला टेकलेला, रेनकोटाच्या आतून वायरलेस सांभाळणारा, केसांना मेंदी लावलेली. पोरगा मोबाइलवर काहीतरी दाखवत होता आणि म्हातारा न हसता बघत होता. मग म्हातारा दोनच शब्द बोलला आणि पोरगा पोट धरून हसायला लागला. काय बोलला ते पावसात ऐकू आलं नाही. पण जोडीत विनोद कुणाच्या हातात आहे, ते स्पष्ट दिसलं.

विजोड पोलिसांच्या जोडीचा चित्रपट जगभर बनतो, त्याचं साधं कारण हेच असावं. पोलीस एकटा असला की तो वर्दी असतो. सोबत दुसरा, त्याच्याहून वेगळा पोलीस उभा केला की दोघेही माणसं होतात.

मराठीत हे कुणी केलं? १९७५ साली दादा कोंडके यांनी. ‘सोंगाड्या’, ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’ हे लागोपाठ गाजून दादा तेव्हा भरात होते. ‘पांडू हवालदार’मध्ये ते स्वतः पांडू झाले, उषा चव्हाण पारू केळेवाली झाली आणि दुसरा हवालदार सखाराम म्हणून त्यांनी घेतला अशोक सराफ नावाचा, तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला नट. संगीताला घेतलेल्या जोडीला दादांनीच नाव दिलं राम-लक्ष्मण. त्यातले लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, ज्यांनी पुढे हिंदीत ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’चं संगीत दिलं.

पांडू भाबडा आणि सरळ. सखाराम वरकमाई करणारा. एकाच ठाण्यातले, एकाच गणवेशातले दोघे. दादांच्या चित्रपटाचा नायक दादाच असणार आणि प्रेक्षक पांडूसाठीच थिएटरात येणार, हे उघड होतं. तरी सखाराम लक्षात राहिला, कारण अशोक सराफ यांनी त्या लाचखोर हवालदाराला खलनायक केलं नाही. नजर एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला, तोंडावर कमालीची सभ्यता. पैसे घेतानाही तो कायद्याचीच काही जबाबदारी पार पाडतो आहे असा भाव. लोक खदखदून हसले, कारण सखाराम त्यांनी रोज नाक्यावर पाहिलेला होता. या भूमिकेनेच अशोक सराफ मराठी चित्रपटात पक्के झाले. पुढची पन्नास वर्षं तो माणूस पडद्यावरून उतरला नाही. महाराष्ट्र भूषण मिळालं, २०२५ ला पद्मश्री मिळाली.

सार्जंट बॉईल हा पांडू आणि सखाराम यांना एकाच कातडीत कोंबलेला माणूस आहे. तो मेलेल्याच्या खिशातला माल काढतो, सुट्टीच्या दिवशी देहविक्रय करणाऱ्या बायकांना घेऊन हॉटेलात जातो, आयआरए या सशस्त्र संघटनेचा लपवलेला शस्त्रसाठा त्यांचा त्यांना परत करतो आणि त्यातलं थोडं स्वतःकडे ठेवून घेतो. सरकारी नियमाप्रमाणे पाहिलं तर त्याला पहिल्या दहा मिनिटांत निलंबित करायला हवं. पण तस्कर पैशाची पिशवी घेऊन येतात तेव्हा तो ती घेत नाही. बाकी सगळं ठाणं, वरपासून खालपर्यंत, पैसे घेऊन गप्प बसलं आहे. नियम मोडणारा एकटा बॉईलच विकला जात नाही. का जात नाही, हे चित्रपट समजावून सांगत नाही आणि मला त्याची ही सर्वांत मोठी ताकद वाटते. त्याची आई मरायला टेकली आहे. फिओनुला फ्लॅनगन या अभिनेत्रीने ती केली आहे. तो तिला शुश्रूषागृहातून काढून पबमध्ये घेऊन जातो, तिथलं जिवंत संगीत ऐकवतो. दोघे मरणाबद्दल असे बोलतात, जणू बाजारातल्या भावांबद्दल बोलावं. दादांच्या चित्रपटांतल्या रत्नमालाबाईंच्या ‘आये’ची आठवण मराठी माणसाला इथे होणारच. भाबड्या, वांड, गावभर बदनाम पोराचा खरेपणा आईसमोर उघडा पडतो, ही गोष्ट कॉनेमारालाही माहीत आहे आणि भोर तालुक्यातल्या इंगवलीलाही, जिथले कोंडके मूळचे.

आयर्लंडचा पोलीस, गार्दा, १९२२ पासून बहुतांशी निःशस्त्र आहे. रस्त्यावरच्या सार्जंटच्या कमरेला पिस्तूल नसतं. त्यामुळे चित्रपटाच्या शेवटी धक्क्यावरच्या बोटीवर जेव्हा बंदुका निघतात तेव्हा त्या आपल्या अंगावर येतात. आपल्या हवालदाराच्या हातात तर काठीच होती. काठी आणि हाफ पँट. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना हाफ पँट गेली आणि पूर्ण पँट आली. त्या हाफ पँटवर मराठी रंगभूमीने आणि चित्रपटाने किती विनोद केले याला गणती नाही. पण पन्नाशीच्या, नातवंडं असलेल्या माणसाला गुडघे उघडे टाकून चौकात उभं राहायला लागणं यात त्याच्या मनाचं काय होत असेल, हे विचारणारा मराठी चित्रपट मला आठवत नाही.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शिपायांनी ते एकदा स्वतःच सांगायचा प्रयत्न केला. १५ ऑगस्टला त्यांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला पहाटे त्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाली, संघटनेची मान्यता गेली, शिपाई रस्त्यावर उतरले आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. त्यांच्यातल्या अनेकांचे भाऊबंद गिरणी कामगार होते आणि तो गिरणी संपही त्याच वर्षी चालू होता. एकाच चाळीत एक भाऊ संपावर, दुसरा भाऊ त्या संपाच्या बंदोबस्तावर. विजोड जोडीची याहून जबर गोष्ट कुणाला कल्पनेने रचता येणार नाही. तिच्यावर चित्रपट झाला नाही.

हवालदाराचा विनोद दादांनी शोधला असंही नाही. तमाशाच्या वगात राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार अशी उतरंड पूर्वीपासून आहे आणि विनोद नेहमी उतरंडीच्या खालच्या मडक्याकडे असतो. वसंत सबनीस यांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला, तो १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने आला आणि त्यातला हवालदार दादा होते. त्या हवालदाराला वगाच्या चौकटीतून बाहेर पडून आजच्या मुख्यमंत्र्यावर, आजच्या महागाईवर बोलायची मुभा होती. राजाचा दरबार नावालाच, बोलणं सगळं मुंबईचं आणि मंत्रालयाचं. तो प्रयोग पाहूनच आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस केली आणि ‘तांबडी माती’तून दादा चित्रपटात आले. म्हणजे पांडूच्या अंगावर वर्दी चढली त्याच्या दहा वर्षं आधीपासून तो बोलत होता.

आणि मग पुण्याचं स्वतःचं नाटक आहे. पोलीस, गुन्हा, हसता हसता अंगावर काटा आणणारा प्रकार, याचा मराठीतला सर्वांत मोठा नमुना याच शहरात घडला. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. मोहन आगाशे नाना फडणवीस, रमेश टिळेकर घाशीराम. कनोजहून आलेला परका ब्राह्मण पुण्यात अपमानित होतो आणि पोटच्या पोरीच्या बदल्यात नानाकडून कोतवाली मिळवतो. मग तो पुण्याचा सूड घेतो. नाना त्याला वापरतो आणि वेळ आली की फेकतो. खऱ्या इतिहासातला घाशीराम सावळदास १७९१ साली पुण्याच्या लोकांच्या दगडांखाली मेला, त्याच्या चौकीत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांच्या गुदमरून झालेल्या मृत्यूंनंतर. तेंडुलकरांनी त्यावर माणसांची भिंत उभी केली, ती भिंत नाचते, गाते, कीर्तन करते, आणि आपण टाळ्या वाजवत एका कोठडीतल्या मृत्यूकडे चालत जातो.

नाना आणि घाशीराम हीदेखील विजोड जोडीच. एकाकडे सत्ता, दुसऱ्याकडे काठी. बॉईल-एव्हरेट जोडीत दोन माणसं एकमेकांना ओळखत जातात. इथे ओळखच होत नाही, फक्त व्यवहार होतो. म्हणून ‘द गार्ड’ बघून आपण घरी हसत येतो आणि ‘घाशीराम’ पाहून गप्प होतो. पुण्याने हे नाटक सहज पचवलं नाही. एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवलं, कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अॅकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं. आयर्लंडमध्येही असंच काहीसं घडलं होतं. १९०७ च्या जानेवारीत डब्लिनच्या अॅबी थिएटरमध्ये जे. एम. सिंग यांचं ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ लागलं. बापाला मारून आलेल्या पोराला पश्चिम आयर्लंडमधलं एक गाव डोक्यावर घेतं, अशी ती गोष्ट. आमच्या साध्याभोळ्या शेतकऱ्यांची बदनामी झाली म्हणत प्रेक्षकांनी थिएटरात दंगा केला, पोलीस बोलवावे लागले. आज त्याच पश्चिम किनाऱ्यावरचा बेताल पोलीस पाहायला आयर्लंड रांगा लावतं. स्वतःवर हसायला त्या समाजाला शंभर वर्षं लागली. आपल्याकडे ‘घाशीराम’ कधीचं अभिजात होऊन बसलंय. त्याच्या पुढचं पाऊल मात्र पडलेलं नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. १९८३ साली गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ आला, श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर, तेंडुलकरांच्याच पटकथेने. ओम पुरींचा वेलणकर आणि शफी इनामदारांचा हैदर अली, एक तडजोड न पचणारा, दुसरा तडजोडीनेच तगलेला. उत्तम जोडी होती, पण तिथून विनोद हद्दपार झाला. विनोद गेला दुसरीकडे, महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. १९८७ च्या ‘दे दणादण’मध्ये लक्ष्याच्या पोलिसाला अचाट शक्ती मिळते आणि लाल रंग दिसला की ती जाते. थिएटरं भरली, पोरं वेडी झाली, मीही त्या पोरांतला. पण त्यात ठाणं नव्हतं, डायरी नव्हती, पगार नव्हता. २०२१ च्या ‘पांडू’मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांनी दादांना मनापासून मानवंदना दिली. तीही मागे वळून पाहणारीच होती.

‘द गार्ड’ आयर्लंडमध्ये लागला २०११ च्या जुलैत. त्याच जुलैत आपल्याकडे ‘सिंघम’ लागला. मराठी इन्स्पेक्टर, छाती पुढे, हातात पट्टा, चौकात न्याय. आणि त्याच्या ठाण्यात हेड कॉन्स्टेबल म्हणून कोण उभं आहे? अशोक सराफ. छत्तीस वर्षांनी तोच नट, तीच पायरी. सखारामला बढती मिळाली नाही. तो साहेबाच्या मागे उभा राहून साहेबाचं कौतुक करतो. मला त्या चित्रपटातला सर्वांत खरा माणूस तोच वाटतो आणि कॅमेरा त्याच्याकडे फार वेळ थांबत नाही याचं वाईट वाटतं.

कॅमेरा थांबला तो २०१८ मध्ये, ‘सेक्रेड गेम्स’ या मालिकेत. सरताज सिंग हा शीख इन्स्पेक्टर आणि जितेंद्र जोशी यांनी साकारलेला काटेकर हा मराठी हवालदार. काटेकरला घर आहे, बायको आहे, पोरं आहेत, पूर्वग्रह आहेत आणि त्या पूर्वग्रहांची लाजही आहे. तो साहेबाला टोमणे मारतो, साहेबासाठी जीव टाकतो. तो मरतो तेव्हा मालिकेचा श्वासच अडकतो. हवालदाराकडे पूर्ण माणूस म्हणून पाहिलं की काय घडतं त्याचा हा पुरावा, पण हिंदीतला, आणि मूळ कादंबरी विक्रम चंद्रांची, इंग्रजीतली. मराठीत आपण हवालदारावर हसत राहिलो, त्याचं ऐकलं नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच आणि ती मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे.

एक गोष्ट मात्र ‘द गार्ड’कडून नीट शिकण्यासारखी आहे. बॉईलचे विनोद घाणेरडे आहेत. कातडीवर, वंशावर, एव्हरेटच्या बालपणाविषयीच्या ठोकताळ्यांवर. बॉईलला वाटतं हा झोपडपट्टीत वाढला असणार. एव्हरेट ऐकून घेतो आणि शांतपणे आपलं सुखवस्तू घराणं आणि शिक्षण त्याच्या पदरात घालतो. प्रत्येक विनोदाला उलट टोला आहे. ज्याच्यावर हसायचं त्याला पडद्यावर तेवढंच डोकं, तेवढीच जीभ दिलेली आहे. मराठी विनोदात भय्या, मद्राशी, गुरखा, बाईलवेडा नवरा, जाडी बाई ही मंडळी नुसती मार खायला येतात. त्यांना उत्तर द्यायला लेखक जागाच देत नाही. खराडीसारख्या ठिकाणी असा विनोद आता उभाच राहणार नाही. कारण ज्याच्यावर विनोद करायचा तो शेजारच्या खुर्चीत बसला आहे आणि तिकीट त्यानेही काढलं आहे. बायकांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे कच्चंच आहे. दादांच्या चित्रपटात बाई द्व्यर्थी शब्दांचं निमित्त होते. मॅकडोनाच्या चित्रपटात आई आणि बेपत्ता झालेल्या तरुण पोलिसाची क्रोएशियन बायको या दोघी सोडल्या तर बायकांना फार काही करायला दिलेलं नाही. आजच्या ठाण्यात महिला शिपाई आहेत, त्या रात्रपाळी करतात, दामिनी पथकात फिरतात. नवी जोडी लिहायची तर त्यातली एक बाई का नको?

आणि सुट्टी. बॉईलच्या सुट्टीवर आयर्लंडमध्ये हसले असतील, महाराष्ट्रात ती करुण वाटते. गणपती, नवरात्र, पालखी, निवडणूक, मंत्र्याचा दौरा, कुठलाही बंद, असं काहीही आलं की आधी जाते ती हवालदाराची साप्ताहिक सुट्टी. २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याचा आराखडा एका शिपायाने कागदावर मांडला होता आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाने स्वतःच गणित मांडून दाखवलं आणि सर्वांत वरच्या खुर्चीने ते ऐकलं. हा चित्रपटाचा प्रसंग आहे, विनोदी आणि हृद्य. लिहायला कुणी बसलेलं नाही.

आता खराडीचाच गुन्हा घ्या. २०२५ च्या मे महिन्यात पुणे पोलिसांनी इथल्या एका इमारतीतल्या बनावट कॉल सेंटरवर छापा घातला. रात्रभर तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन जात होते. तुमच्या नावावर अमली पदार्थांचा गुन्हा आहे, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ झाली आहे, असं सांगून पैसे उकळले जात होते. बसमधून आणलेली, हेडफोन लावलेली, बावीस-पंचवीस वर्षांची मुलं-मुली अमेरिकन उच्चारात कायद्याची भीती विकत होती. कॉनेमाराच्या किनाऱ्यावर कोकेन उतरतं, ते बोटीत दिसतं, हाताला लागतं. इथे माल म्हणजे केवळ आवाज. मुद्देमालाच्या खोलीत ठेवणार काय तर लॅपटॉप, मोबाइल आणि कागदावर लिहून दिलेली संवादांची पानं.

या गुन्ह्याच्या तपासाला एक हवालदार लावा, साताऱ्याकडचा किंवा लातूरकडचा, बकल नंबर पाठ असलेला, टपरीवाल्यापासून सोसायटीच्या सफाईवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना नावाने ओळखणारा. बारक्या चिरीमिरीला नाही न म्हणणारा, पण मोठ्या पिशवीपाशी अडणारा, आणि का अडलो हे स्वतःलाही न सांगता येणारा. त्याच्यासोबत द्या सायबर शाखेतली तरुण फौजदार, हैदराबादेत वाढलेली मराठी मुलगी, जिचं मराठी ऐकून त्याला हसू येतं आणि ज्याचं इंग्रजी ऐकून तिला. अमेरिकेहून कुणी तक्रारदार व्हिडिओ कॉलवर जबाब द्यायला बसवा, सत्तरीची बाई, आयुष्याची पुंजी गेलेली. तिच्यासमोर हवालदार पंचनाम्याच्या मराठीत बोलणार, फौजदार त्याचं इंग्रजी करणार आणि ती बाई विचारणार की, तुम्ही खरे पोलीस आहात हे मी कशावरून मानू? त्या प्रश्नाला सखाराम हवालदार काय उत्तर देईल, ते मला ऐकायचं आहे. अशोक सराफ यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं तर आणखी काय हवं. ते आज पंच्याहत्तरी ओलांडून काम करताहेत आणि निवृत्त हवालदाराला मदतीला बोलावल्याचा प्रसंग कुठल्याही पटकथेत बसतो. भाषा तयार आहे, माणसं तयार आहेत, गुन्हा घडून गेला आहे आणि त्याची कागदपत्रं न्यायालयापुढे आहेत. मराठी निर्मात्यांनी आणि पटकथाकारांनी नगर रस्त्यावर यावं, ठाण्याबाहेरच्या बाकावर दोन रात्री बसावं आणि हवालदार बोलायला लागला की मध्ये बोलू नये.